मनमाडहून आर्क्टिकला: अरोरा सहल निवडताना काय पाहावे

ध्रुवीय प्रकाश, म्हणजे आता सर्रास म्हणतात तो 'अरोरा', दाखवणाऱ्या आर्क्टिक सहली विकत मिळतात. प्रकाश मात्र विकत मिळत नाही. कंपनी खरोखर देऊ शकते अशा गोष्टी तीनच: अंधाऱ्या रात्री, ढग टाळून दुसरीकडे जाण्याची मोकळीक आणि आकाश वाचता येणारा माणूस. मनमाड, नांदगाव, येवल्याकडून निघणारी मंडळी दोन सहलींची तुलना करताना हॉटेलचे तारे आणि जेवणाची यादी पाहतात. तुलना या तीन गोष्टींची करावी. जेवण तर मुंबईतही चांगले मिळते.

प्रकाश कधी दिसतो, कधी नाही

सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांभोवतीच्या एका कड्याकडे वळतात आणि वरच्या विरळ हवेला उजळवतात. हिरवा रंग साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा असतो, तर लाल छटा २०० किलोमीटरच्याही वरची. आपले ढग दहा-बारा किलोमीटरच्या आतले. म्हणजे वर कितीही रंग खेळत असले, तरी मध्ये ढगांचा पडदा आला की खेळ संपला. निर्णय घेण्यापुरते शास्त्र एवढेच: आकाश अंधारे हवे आणि निरभ्र हवे.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो सुट्टीचा. उत्तर नॉर्वेतील ट्रोम्सोला साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही. त्या काळातल्या सहली मध्यरात्रीचा सूर्य दाखवतात आणि तोही पाहण्यासारखा असतो, पण उजेडात अरोरा दिसत नाही. 'मे महिन्याच्या सुट्टीत नॉर्वे' असे वाचून अरोराच्या आशेने पैसे भरले असतील, तर चूक जाहिरातीची नाही, वाचणाऱ्याची. हंगाम सप्टेंबर ते मार्चअखेर. दिवाळीच्या सुट्टीत रात्र पुरेशी मोठी असते, पण किनाऱ्याकडे ढग फार. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ट्रोम्सोला सूर्य उगवत नाही. दुपारी निळसर संधिप्रकाश तेवढा असतो आणि दिवसभर अंधार सोसणे सर्वांना जमत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फ भरपूर, दिवसा ऊन आणि रात्री अंधार. परीक्षांचा अडसर नसलेल्यांनी हेच दिवस धरावेत.

सूर्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राचा शिखरकाळ आल्याचे शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. 'आता गेलो नाही तर दहा वर्षे नाही' ही विक्रेत्यांची घाई तिथूनच आली. शिखरकाळात प्रकाश दक्षिणेकडे सरकतो. मे २०२४ च्या सौरवादळात तर लडाखमधील हानले येथूनही कॅमेऱ्यांनी तांबूस छटा टिपली. पण ट्रोम्सोसारखी आर्क्टिक ठिकाणे ध्रुवाभोवतीच्या त्या कड्याच्या थेट खालीच आहेत. तिथे शांत वर्षांतही प्रकाश दिसतो.

डोळ्यांना काय दिसेल

हे आधी कळले नाही तर परतताना हिरमोड ठरलेला. मंद अरोरा डोळ्यांना बहुधा राखाडी-पांढरट धुरासारखा दिसतो. त्याच क्षणी कॅमेरा मात्र हिरवागार पडदा दाखवतो, कारण तो काही सेकंद उजेड साठवतो आणि अंधारात आपल्या डोळ्यांची रंग ओळखण्याची ताकद घटते. जोर चढला की हिरवा स्पष्ट कळतो, कडेला गुलाबी झालर दिसते आणि पडदा हलताना जाणवतो. असा जोर कधी दहा मिनिटे टिकतो, कधी तासभर. जाहिरातीतले चित्र खोटे नसते, पण तो एका चांगल्या रात्रीतला सर्वांत चांगला क्षण असतो.

किती रात्री

अरोरासाठी किमान तीन रात्री राखाव्यात, चार-पाच असल्या तर उत्तम. एका रात्रीची शक्यता निम्मी धरली, तर तीन रात्रींत एकदा तरी दिसण्याची शक्यता आठात सात येते. हा हिशेब कागदावरचा. ढग एकदा आले की दोन-तीन दिवस मुक्कामच ठोकतात. दहा दिवसांत चार राजधान्या आणि 'एक रात्र अरोरा' अशा सहलीला अरोरा सहल म्हणणे धाडसाचे आहे.

ठिकाण कोणते

ट्रोम्सो ६९ अंश उत्तरेला आहे. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे तिथली थंडी त्या अक्षांशाच्या मानाने सौम्य, पारा बहुधा शून्याच्या थोडा खाली. विमानांची आणि सहलींची सोय चांगली, ढगांचा त्रास मात्र मोठा. म्हणून तिथले गाइड गाडीने आत डोंगरांपलीकडे स्किबोट्नकडे जातात आणि कधी फिनलंडची हद्द ओलांडून किल्पिस्यार्वीपर्यंतही. अशा रात्री पासपोर्ट खिशात लागतो, हॉटेलच्या तिजोरीत ठेवून चालत नाही.

स्वीडनमधील अबिस्को डोंगरांच्या पर्जन्यछायेत आहे. सह्याद्री ओलांडला की पाऊस कसा आटतो, हे मनमाडकरांना कुणी समजावून सांगायला नको; अबिस्कोचा कोरडेपणा त्याच जातीचा. निरभ्र रात्री अधिक, पण गाव चिमुकले, राहण्याच्या जागा थोड्या आणि थंडी कडक. अरोरा हाच एकमेव हेतू असेल तर अबिस्कोला तोड नाही, असे म्हणायला हरकत नाही.

फिनलंडमधील रोव्हानिएमी आर्क्टिक वृत्ताच्या अगदी काठावर आहे. सांताक्लॉजचे गाव, रेनडिअर, कुत्र्यांच्या गाड्या हे सगळे तिथे मिळते. मुले बरोबर असतील तर हीच जागा. अरोरासाठी आणखी उत्तरेला इव्हालो-सारिसेल्काच्या बाजूला जाणे बरे. काचेच्या छताच्या खोल्या तिकडेही आहेत. पारा उणे २५-३० पर्यंत उतरू शकतो.

आइसलंडची राजधानी रेक्याविक ६४ अंशांवर, आर्क्टिक वृत्ताच्या खाली, पण अरोराच्या टापूत आहे. दिवसा धबधबे आणि गरम पाण्याचे झरे असल्याने रात्र वाया गेली तरी सहल वाया जात नाही. वारा मात्र भयंकर.

स्वालबार्ड ७८ अंशांवर आहे. भारताचे 'हिमाद्री' संशोधन केंद्र तिथल्या न्यू-ऑलेसुंड गावात २००८ पासून आहे, म्हणून नाव ओळखीचे वाटते. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये 'द आर्क्टिक होम इन द वेदाज'मध्ये वेदांची जन्मभूमी ध्रुवाजवळ नेऊन ठेवली, तीही पुण्याहून. तेव्हा ओढ जुनीच आहे. पण पहिल्या अरोरा सहलीसाठी स्वालबार्ड नको. ते अरोराच्या नेहमीच्या कड्याच्याही उत्तरेला पडते आणि व्हिसाची एक अडचण आहे, ती पुढे येईल.

रशियातील मुर्मान्स्क स्वस्त पडते आणि ई-व्हिसा सोपा, म्हणून त्याच्या जाहिराती वाढल्या आहेत. २०२२ पासून भारतात मिळालेली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डे तिथे चालत नाहीत. युद्ध चालू असल्याने परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचल्याशिवाय आणि विमा कंपनी तिथला दावा मान्य करते का, हे लेखी घेतल्याशिवाय आरक्षण करू नये.

सहल कोणत्या प्रकारची

पहिला मार्ग मुंबईहून निघणाऱ्या समूह सहलीचा. केसरी (१९८४) आणि वीणा वर्ल्ड (२०१३) यांच्यासारख्या कंपन्यांनी मराठी घरांना सहलप्रमुखाच्या मागे निर्धास्त चालण्याची सवय लावली. ज्येष्ठांना, इंग्रजीची धास्ती असणाऱ्यांना आणि डाळभाताशिवाय झोप न येणाऱ्यांना हा मार्ग बरा. तोटा एकच, पण नेमका अरोराच्या मुळावर येणारा: चाळीस माणसांची बस ठरलेल्या जागी जाते आणि ठरलेल्या वेळी परत येते. ढग ते वेळापत्रक वाचत नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे विमान आणि हॉटेल आपण घ्यायचे व रात्रीच्या सहली तिथल्या स्थानिक कंपन्यांकडून. मोठ्या बसची सहल स्वस्त. आठ-पंधरा जणांची छोटी गाडी महाग, पण ढगांचा माग काढत शंभर-दीडशे किलोमीटर जाते. रात्रीच्या सहलींच्या तिसऱ्या प्रकारात एका ठिकाणी तंबूत शेकोटीजवळ बसून वाट पाहायची. म्हाताऱ्यांना आणि मुलांना ते सोयीचे, पण तिथे ढग आला तर शेकोटीच पाहायची. बोटीवरून अरोरा दिसतो, पण फोटो हलतात. शक्य असेल तर समूह सहलीबरोबर गेलेल्यांनीही एक रात्र छोट्या गाडीची वेगळी घ्यावी. आधी सहलप्रमुखाला सांगून.

बर्फावरची मोटारगाडी, म्हणजे स्नोमोबिल, चालवणाऱ्याकडे वाहन परवाना लागतो. भारतीय परवाना चालतो का, हे आधी विचारा. गाडीचे नुकसान झाल्यास चालवणाऱ्याने भरायची रक्कम करारात बारीक अक्षरात असते आणि ती बारीक नसते.

पैसे भरण्यापूर्वी लेखी उत्तर घ्या

- अरोरासाठी नेमक्या किती रात्री? हॉटेल गावाच्या दिव्यांत आहे की बाहेर?
- गाडीत किती माणसे? ढग असल्यास गाडी किती लांब जाते, सीमा ओलांडते का?
- 'हमी' म्हणजे काय? पैसे परत, दुसऱ्या रात्री फुकट फेरी, की नुसता शब्द? फुकट फेरी परतीच्या विमानानंतरच्या तारखेची असेल तर तिचा उपयोग शून्य.
- खराब हवामानामुळे कंपनीनेच फेरी रद्द केली तर पैसे परत मिळतात का?
- थंडीचा पोशाख आणि बूट मिळतात का, त्यांचे भाडे वेगळे का?
- सहा-आठ तासांत स्वच्छतागृह कुठे? मधुमेह आणि प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी हा प्रश्न लाजून टाळू नये.
- व्हिसा नाकारला गेला तर किती पैसे कापले जातात?

फोनवर 'सगळे होईल, काका' असे उत्तर आले, तर तेच वाक्य ई-मेलवर मागावे. निम्मे तिथेच अडखळतात.

पासपोर्ट आणि व्हिसा

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलंड हे चारही देश शेंगेन व्यवस्थेत आहेत. एकच व्हिसा पुरतो. जिथे सर्वाधिक रात्री राहायचे त्या देशाकडे अर्ज करावा. रात्री सारख्याच असतील तर जिथे प्रथम उतरायचे त्या देशाकडे. व्हिसा लवकर मिळतो म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज टाकण्याचा एजंटचा सल्ला अंगाशी येतो.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. नवीन काढायचा असल्यास नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यावी आणि पोलीस पडताळणीला लागणारे दिवस धरावेत. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, कधी ४५ पर्यंत जातात. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांचे ४५. व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाआकार वेगळा. अर्ज नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. नकाराचे कारण लेखी मिळते आणि त्यावर अपील करता येते.

बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. मुंबईच्या केंद्रात दुपारची वेळ घेतली, तर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळच्या पंचवटीने परत येता येते. ठसे पाच वर्षांच्या आत दिलेले असतील तर बहुधा पुन्हा लागत नाहीत. रेल्वेत किंवा अन्य सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी परदेश प्रवासाची खात्याची परवानगी सर्वांत आधी मागावी. मनमाडमध्ये तारखा चुकतात त्या विमानापेक्षा या कागदापायी.

किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा सक्तीचा आहे. पण स्वस्त पॉलिसीत जुने आजार आणि स्नोमोबिलसारखे धाडसी प्रकार वगळलेले असतात. रक्तदाब, मधुमेह लपवून घेतलेला विमा म्हणजे कागदाचा तुकडा.

स्वालबार्डची अडचण अशी: ते नॉर्वेचे असले तरी शेंगेनबाहेर आहे. ऑस्लोहून तिथे जाऊन परत आले की दुसरा प्रवेश धरला जातो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीच्या वाटेवर अडकायला होते. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर येण्याजाण्याची इलेक्ट्रॉनिक नोंद सुरू झाली असून रांगा लांबतात. पहिल्या युरोपीय विमानतळावर जोडविमानासाठी तीन तास तरी ठेवावेत आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्यावा. वेगवेगळी तिकिटे असली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्याचे पैसे बुडाले.

थंडी

निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की जिल्ह्यात बातमी होते. उत्तर फिनलंडच्या लॅपलंडमध्ये त्याच्या खाली आणखी तीस अंश धरावे लागतात. तरी भीती थंडीची नको, चुकीच्या कपड्यांची हवी. अंगालगत लोकरीचा किंवा थर्मल थर, त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, बाहेर वारा व पाणी अडवणारे जाकीट. सुती बनियन घामाने ओले झाले की गारठवते. ते मनमाडलाच ठेवावे. बूट एक माप मोठे, कारण घट्ट बुटात दोन मोजे घातले तर पाय अधिक गारठतात. बोटांसाठी वेगळे कप्पे नसलेले हातमोजे जास्त ऊब देतात. जड बाह्य पोशाख कंपनी देत असेल तर विकत घेऊ नये; मनमाडच्या उन्हात तो पुन्हा कधी घालणार?

थंडीपेक्षा जास्त माणसे जायबंदी होतात ती घसरून. ट्रोम्सोचे रस्ते काचेसारखे गुळगुळीत होतात. बुटाखाली चढवायचे रबरी-लोखंडी काट्यांचे पट्टे तिथल्या दुकानात मिळतात. साठीच्या पुढच्यांनी उतरल्या उतरल्या तेच घ्यावेत. एक जोडी उबदार कपडे हातातल्या पिशवीत ठेवावी, मोठी बॅग उशिरा येऊ शकते.

खाणे, औषधे, फोटो

रात्रीच्या सहलीत गरम सूप मिळते आणि ते बऱ्याचदा माशाचे किंवा रेनडिअरचे असते. शाकाहारी आहोत हे आरक्षणाच्या वेळीच कळवावे. 'व्हेज' म्हटल्यावर मासा येण्याची शक्यता असते, म्हणून मांस, मासे, अंडी यांतले काय चालत नाही ते वेगवेगळे लिहावे. चिवडा, भडंग, शेंगदाण्याची चटणी बरोबर न्यावी. मांस आणि दूध, पनीर, खवा, तूप असे दुग्धपदार्थ युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून नेण्यास मनाई आहे. औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. इन्सुलिन गोठले की निकामी होते. बाहेर पडताना ते आतल्या खिशात असावे.

मोबाइलची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, म्हणून तीही अंगालगत. नाइट मोड आणि छोटा तिपाई स्टँड असला की साध्या फोनवरही चांगला फोटो येतो. कॅमेऱ्यात छिद्र शक्य तितके उघडे, आयएसओ १६०० ते ३२००, वेळ पाच ते पंधरा सेकंद, फोकस हाताने ताऱ्यावर. फ्लॅश बंद, तो सुरू राहिला तर शेजाऱ्याचाही फोटो बिघडतो. हॉटेलात शिरण्यापूर्वी कॅमेरा बंद पिशवीत ठेवावा, नाहीतर काचेवर दव धरते.

हवामानाच्या ॲपवरचा, भूचुंबकीय हालचाल सांगणारा 'केपी' आकडा ० ते ९ असतो. तो कमी दिसला म्हणून सहल सोडू नये. ट्रोम्सो किंवा अबिस्कोला एक-दोनलाही प्रकाश दिसतो. त्या आकड्यापेक्षा ढगांचा नकाशा पाहावा; नॉर्वेची 'यर' आणि आइसलंडच्या हवामान खात्याची सेवा फुकट आहे.

पैसे, कर आणि बिनसले तर

परदेशी सहलीच्या रकमेवर कंपनी टीसीएस (स्रोतावर गोळा होणारा कर) वसूल करते. त्याचे दर ऑक्टोबर २०२३ आणि एप्रिल २०२५ मध्ये बदलले आणि पुन्हा बदलू शकतात. भरण्याच्या दिवशीचा दर विचारून घ्या. हा जादा खर्च नव्हे, आगाऊ कर आहे. विवरणपत्र भरल्यास वळता होतो किंवा परत मिळतो. उत्पन्न करपात्र नाही म्हणून विवरणपत्र न भरणाऱ्या निवृत्तांचे हे पैसे तसेच पडून राहतात. त्या वर्षी विवरणपत्र जरूर भरावे आणि पावती पॅन क्रमांकासह घ्यावी.

आकाशात प्रकाश दिसला नाही, ही सेवेतील त्रुटी नाही. कबूल केलेल्या तीनऐवजी एकच फेरी झाली, छोट्या गाडीचे पैसे घेऊन मोठ्या बसमध्ये बसवले, गावाबाहेरच्या हॉटेलऐवजी गावात ठेवले, तर ती आहे. भारतातील कंपनीविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येते. म्हणजे कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी मनमाडच्या ग्राहकाला नाशिकचा आयोग चालतो. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. बरीच प्रकरणे तिथेच मिटतात.

परदेशी स्थानिक कंपनीकडून थेट घेतलेल्या फेरीला तिथल्या अटी लागू होतात. अशा वेळी क्रेडिट कार्डाने पैसे भरलेले बरे. सेवा मिळाली नाही तर बँकेकडे त्या व्यवहारावर हरकत घेता येते.

युरोपीय विमानतळावरून सुटणारे विमान रद्द झाले किंवा तीन तासांहून अधिक उशिरा पोहोचले, तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाईचा नियम आहे; नॉर्वे आणि आइसलंडही त्यात येतात. हिमवादळामुळे रद्द झाल्यास भरपाई नाही, पण जेवण आणि गरज पडल्यास हॉटेल द्यावेच लागते. कंपनी आपणहून सांगेलच असे नाही, काउंटरवर मागावे लागते. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी नोंद करून पावती घ्यावी. बॅग उशिरा आल्यास ती मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि मोडतोड असल्यास सात दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते. मधल्या काळात विकत घेतलेल्या उबदार कपड्यांची बिले तिला जोडावीत.